बुगडीसाठी वरचा कान टोचला, त्याचा अनुभव

सुई कानातून आरपार जायला दोन-तीन सेकंद लागले. त्या सुईपर्यंत पोचायला मात्र सात आठवडे आणि साताऱ्याहून पुण्याच्या तीन खेपा. कान टोचून चार महिने झाले तरी त्या खेपा आठवल्या की राग येतो, म्हणून आधी तेच लिहिते.

मी १७ वर्षांची, बारावीला आहे. आजीकडे मोत्यांची जुनी बुगडी आहे. तिचा वरचा कान लहानपणीच सोनारानं सोन्याच्या तारेनं टोचला होता. येत्या मे महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि त्या दिवशी ती बुगडी माझ्या कानात असावी असं आमचं दोघींचं ठरलंय. दाबाच्या बुगड्या बाजारात मिळतात, पण आजीची फिरकीची आहे, तिला भोक लागतंच. कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते. वरचा भाग म्हणजे कुर्चा, कानातलं लवचिक मऊ हाड. तिच्या आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून मला जुलैतच टोचायचं होतं. दहा महिने हातात होते.

आमच्या सोनारांकडे आता तार नाही, मशीन आहे. ते म्हणाले, "वरही करून देतो की." मी नको म्हटलं. मशीन दागिन्याचं बोथट टोक जोरात आत घुसवतं. त्यानं कुर्चा चिरडू शकते, आणि प्लास्टिकचे भाग असल्यामुळे ते मशीन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या कडक वाफेच्या यंत्रात) घालून निर्जंतुक करता येत नाही. मग पुण्यातला पोकळ सुईनं टोचणारा एक स्टुडिओ शोधला. फोन केला तर म्हणाले, "१८ च्या आत असाल तर पालकांना घेऊन या, दोघांचं आधार आणा." एवढंच.

आईनं रजा काढली. सकाळच्या एसटीनं निघालो, स्वारगेटला उतरलो, रिक्षा केली. काउंटरवरच्या ताईंनी दोन्ही आधार कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "नावं जुळत नाहीत."

माझ्या आईनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही. तिच्या आधारवर तिच्या वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे, माझ्या आधारवर बाबांचं नाव आणि बाबांचं आडनाव. या माझ्या आई आहेत हे कशावरून, असा त्यांचा प्रश्न. आई शेजारी उभी होती. आमचे चेहरे इतके सारखे आहेत की दुकानदार न विचारता ओळखतात. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते कामाला गुजरातेत असतात. त्यांनी सांगितलं, सहीचा फोटो आत्ता पाठवतो. उत्तर आलं, सही समोरच व्हायला हवी. नात्याचा पुरावा आणा.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. या वेळी माझी दहावीची गुणपत्रिका होती, तिच्यावर आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. पण नुसतं पहिलं नाव. त्यावर आडनाव नाही म्हणून ती चालेना. मग जन्मदाखला काढला, आणि तिथे खरी अडचण निघाली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं आईचं नवं नाव लिहिलं होतं. ते नाव तिनं कधी वापरलं नाही, कुठल्या कागदावर नाही. पण माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात फॉर्म भरताना घरच्या कुणीतरी तेच सांगितलं. म्हणजे जन्मदाखल्यावर माझी आई म्हणून जी बाई आहे, त्या नावाचा एकही कागद आमच्या घरात नाही.

आई शांतपणे सगळं समजावून सांगत होती. तिला सारखं "मॅडम, आम्ही समजू शकतो" असं ऐकावं लागत होतं. परतीच्या एसटीत ती खंबाटकी घाट येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तुला पहिलीत नाव घालताना पण असाच वाद घातला होता." मला रडू आलं, ते कानासाठी नव्हतं.

अल्पवयीन मुलांना पालकांच्या संमतीशिवाय टोचू नये हा नियम मला पूर्ण मान्य आहे. जो स्टुडिओ वयच विचारत नाही तिथे जाऊच नका. माझं म्हणणं एवढंच की आईच्या आधारवर वेगळं आडनाव असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. नात्याचा पुरावा लागत असेल तर तो पहिल्या फोनवर सांगा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावामागे आधी आईचं, मग वडलांचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्रात झाला. माझा जन्म २००८ चा, मला त्याचा उपयोग नाही.

शेवटी बाबा गौरी-गणपतीला सुट्टीवर आले, तेव्हा तिसरी खेप झाली. त्यांनी आधार दाखवलं, दोन मिनिटांत सही केली आणि मग मला हळूच विचारलं, "नक्की कुठे टोचणार आहेत गं?" जिनं टायटॅनियम की सोनं इथपासून सगळं माझ्याबरोबर वाचून काढलं होतं ती आई बाजूच्या खुर्चीवर बसली होती.

टोचणं सोपं होतं. पेननं खूण केली, आरशात दाखवली, मी एकदा थोडी वर सरकवून घेतली (बुगडीचा फोटो दाखवा, म्हणजे जागा नीट ठरते). नवी सुई माझ्यासमोर पाकिटातून काढली. चटका बसला, कान गरम झाला, संपलं. मागे चपटी चकती असलेला टायटॅनियमचा लांब बार घातला. सूज येते म्हणून आधी लांबच घालतात.

नंतरची काळजी म्हणजे दिवसातून दोनदा सलाइन. औषधाच्या दुकानात "नॉर्मल सलाइन" मागा, ०.९ टक्क्याचं. गॉजवर घेऊन पुसायचं आणि कोरडं करायचं. कापूस नको, तंतू अडकतात. बार फिरवायचा नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. आजी तेल-हळद घेऊन बसली होती. तिच्या कानाला ते लागू पडलं होतं, त्यामुळे तिला नाही म्हणणं मला जड गेलं. मी तिला सलाइनची बाटली दाखवली आणि रोज तिच्याकडूनच पुसून घ्यायला लागले.

एकच कान टोचा, म्हणजे दुसऱ्या कुशीवर झोपता येतं. मी तरी मानेला लावायची प्रवासाची उशी आणली, तिच्या मधल्या पोकळीत कान येतो.

सहाव्या आठवड्यात बार बदलून आखूड घालायचा असतो. माझी सहामाही होती म्हणून मी तीन आठवडे लांबवलं, आणि तेवढ्यात लांब बार कंगव्यात अडकला. भोकाशेजारी लाल फोड आला. मला वाटलं केलॉइड (जखमेवर वाढत जाणारा जाड वण) झाला, रात्रभर झोपले नाही. आखूड बार घातल्यावर तो महिनाभरात बसला. तुम्ही हे लांबवू नका. स्कूटीवर हेल्मेट घालताना-काढताना सावकाश. स्कार्फ शक्यतो नकोच.

वरचा कान सगळाच लाल, गरम आणि सुजलेला दिसला, ठणकायला लागला, तर घरी उपाय करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. कुर्चेतला संसर्ग वाढला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. बार आपल्या मनानं काढू नका, डॉक्टरांना विचारा.

कागदांचं राहिलंच. स्टुडिओला आधी मेसेज करून लेखी विचारा: पालक कोण चालतील, कुठला पुरावा चालेल. आधारचा फोटो मागितला तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पासपोर्ट असेल तर सोबत न्या. त्याच्या शेवटच्या पानावर सहसा आई आणि वडील दोघांची नावं असतात. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आता आईनं माझ्या जन्मदाखल्यातलं तिचं नाव दुरुस्त करायला अर्ज दिलाय.

मेपर्यंत आठ महिने होतील, दहा नाही. बुगडीची दांडी माझ्या बारपेक्षा जाड आहे, सोनारांनी मोजून दिलीय. म्हणून एप्रिलमध्ये कान दाखवायला पुण्याला जायचंय. या वेळी आई आणि मी, दोघीच.