ग्रँटची पत्रं वाचताना आधी 'आवक' बघा

अमेरिकन यादवी युद्धाची सरकारी कागदपत्रं १२८ पुस्तकांत छापलेली आहेत. त्यातला १८६२चा, उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि त्याचा वरिष्ठ हॅलेक यांचा पत्रव्यवहार काढला की बहुतेक जण पत्रं लिहिल्याच्या तारखेने लावतात आणि फसतात. आधी बघायची ती आवक, म्हणजे पत्र समोरच्याच्या हातात कधी पडलं ते.

१६ फेब्रुवारीचं पत्र सगळ्यांना पाठ असतं. टेनेसीतल्या डोनेल्सन किल्ल्यातून दक्षिणेच्या बकनरने तहाची बोलणी सुचवली, त्यावर ग्रँटने कळवलं की विनाशर्त आणि तत्काळ शरणागतीखेरीज काही चालणार नाही, तुमच्या मोर्चांवर लगेच चाल करतो. किल्ला पडला, ग्रँटचं नाव देशभर झालं. पुढच्या पंधरवड्यातल्या चिठ्ठ्याचपाट्यांकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

त्याच १६ तारखेला सरसेनापती मॅकक्लेलनने वॉशिंग्टनहून ग्रँटला तार केली: सविस्तर हकिगत कळवा. ती ग्रँटच्या हातात पडली ३ मार्चला! ग्रँटची पत्रं बोटीने केरोला, इलिनॉयमधल्या उत्तरेच्या तळावर, जात. त्याच्यासाठी आलेल्या बऱ्याच तारा मात्र नव्याने टाकत नेलेल्या लाइनच्या टोकावरच्या तारमास्तराकडे पोचायच्या. तो त्या पुढे धाडतच नव्हता. नंतर गडी कागद घेऊन दक्षिणेकडे पसार झाला, असं ग्रँटने आत्मचरित्रात लिहिलंय.

इकडे सेंट लुइसला हॅलेक नफरीचा (सैनिकसंख्येचा) तक्ता मागून थकलेला. त्यात २७ फेब्रुवारीला ग्रँट उत्तरेच्याच दुसऱ्या सेनापतीच्या, बुएलच्या हद्दीत, नॅशव्हिलला जाऊन आला (हे त्याला टाळता आलं असतं). ३ मार्चला हॅलेकने मॅकक्लेलनला कळवलं की आठवड्याहून जास्त दिवस ग्रँटकडून अक्षर नाही. गरज वाटली तर अटक करा, असा जबाब आला. ४ तारखेला हॅलेकचा ग्रँटला हुकूम सुटला: मोहीम तुमच्या हाताखालच्या सी. एफ. स्मिथकडे द्या, तुम्ही हेन्री किल्ल्यावर थांबा. नफरी आणि ठिकाणं कळवायचा माझा हुकूम का पाळत नाही? त्याच दिवशी, ग्रँट पुन्हा जुन्या सवयीवर गेल्याची अफवाही हॅलेकने वर पोचवली. म्हणजे दारू. अफवेला आधार काय, ते तारेत नाही.

ग्रँटने उत्तर दिलं की केरो सोडल्यापासून दिवसाला सरासरी एकाहून जास्त पत्रं लिहिली आहेत, आणि मला मोकळं करा. जावक बघितली तर त्याचं म्हणणं पटतं. बरीच पत्रं केरोतल्या हॅलेकच्या चीफ ऑफ स्टाफच्या नावाने आहेत.

मग वॉशिंग्टनहून लेखी विचारणा आली, नेमका आरोप काय? हॅलेकने लगेच सूर बदलला. १३ मार्चला ग्रँटला परत सैन्याची सूत्रं घ्यायला सांगितलं, १५ला वॉशिंग्टनला कळवलं की ग्रँटने जे केलं ते चांगल्या हेतूने. या पत्राची नक्कल त्याने ग्रँटलाही पाठवली. स्वतः केलेल्या तक्रारीची नक्कल सोबत नव्हती. करून सवरून नामानिराळा! हॅलेकने आपल्याला वाचवलं, असंच ग्रँट युद्ध संपेपर्यंत समजत होता.