मामांचा बॉल, म्हणे नवाकोरा

आज परत मी मामांचा तो बोलिंगचा बॉल मांडीवर घेऊन बसले. कंपनीचं नाव पार झिजलंय. टॉर्च आडवा धरून पाहिला, कागद लावून वर पेन्सिल घासली, तर अर्धा गोल आणि शेवटचं एक अक्षर उमटलं, बस्स. मामी म्हणाली, "अगं, नाव कळून करणारेस काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

बाकी बरंच कळतं तसं. पृष्ठभाग मॅट आहे आणि मामांनी टाकला की लवकर वळायला लागायचा, सावकाश, एकसारखा. वरचं आवरण पॉलिस्टरचं, म्हणजे साध्या प्लास्टिकचं असतं तर जवळजवळ सरळच गेला असता, आणि हल्लीचे रिअॅक्टिव्ह रेझिनवाले लेनवरचं तेल पितात नि पिन जवळ आल्यावर झपकन वळतात, तसाही नाही, म्हणजे आवरण युरेथेनचंच, या दोन्हींच्या मधलं. पहिला युरेथेन बॉल एएमएफचा अँगल, १९८१ सालचा, आणि नव्वदीच्या सुरुवातीला रेझिन आल्यावर सगळे तिकडे पळाले, म्हणजे हा बहुतेक मधल्या काळातला. अँगल नाही, फेबॉलचा हॅमर नाही, कोलंबियाचा यू-डॉटही नाही, फोटो शेजारी ठेवून पाहिलेत.

पण नावाचं काय एवढं. खरं खुपलं ते वेगळंच. बॉलला बोटांची भोकं पाडून देणाऱ्या दादांनी बॉल दिव्याखाली फिरवला आणि म्हणाले, हे प्लग बघा. मामांच्या भोकांना अर्धवट खेटून तीन जुनी भोकं, बुजवलेली, रंग इतका बेमालूम जुळवलेला की एवढी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर, कमी, म्हणजे हात लहान. कुणाचा?

मामा म्हणायचे नवाकोरा घेतला, पहिलं भोक माझ्याच अंगठ्यासाठी पाडलं. किती वेळा सांगितलंय मला. ऐकायला मीच असायचे ना, बाकी सगळे उठून जायचे, आणि मलाच ही गोष्ट खोटी सांगितली? सेकंडहँड म्हणाले असते तर माझं काय बिघडणार होतं? की त्यांनाही कुणी नवा म्हणूनच विकला? का तो लहान हात... जाऊ दे, मामीला विचारणार नाहीये मी.

दुपारभर स्वतःचीच कीव करून झाली, मग हसू आलं. सोळा पौंडांचा धोंडा, नाव नाही, वंशावळ नाही, आणि मी रुसून बसलेय.

दादा म्हणाले खेळायचा असेल तर मामांची भोकंही बुजवावी लागतील, तुमचा अंगठा बारीक आहे. म्हणजे तिसरा हात माझा. पुढे कुणीतरी दिव्याखाली धरून माझ्यावरही डोकं खाजवेल. जुळणारा रंग आता मिळत नाही म्हणाले, काळा चालेल की केशरी?

म्हटलं केशरी करा, चांगला दिसू दे.