आमची वाटचाल : तडा वेल्डशेजारचा

आम्ही बनवतो त्या खेळाच्या चाकाच्या खुर्च्यांबद्दल (व्हीलचेअर) एक वाक्य अजून फिरते: "त्यांच्या फ्रेम तुटतात." तुटल्या होत्या. चाळीसच्या एका खेपेतल्या नऊ. नेमक्या कुठे तुटल्या, हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून आधी तेच.

तडा वेल्डमध्ये नव्हता. वेल्डच्या कडेला, बोटभर अंतरात, नळीवर होता. 6061 या मिश्रधातूची अ‍ॅल्युमिनियमची नळी टी-6 अवस्थेत, म्हणजे उष्णोपचाराने पूर्ण कठीण केलेली, आणली तरी टिग वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो आणि त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून जोडकाम संपल्यावर सगळी फ्रेम भट्टीत सुमारे 530 अंशांवर तापवायची, लगेच पाणी द्यायचे आणि मग 175 अंशांवर आठेक तास पिकवायची. पाणी दिल्यावर फ्रेम पिळवटते. ती मऊ आहे तोवर, त्याच दिवशी, जिगवर (फ्रेम पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) सरळ करून घ्यावी लागते. आमच्या भट्टीवाल्याने पहिली पायरीच गाळली. नुसत्या पिकवून दिल्या आणि कागदावर टी-6 लिहिले. डोळ्याला काही कळत नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलच्या धडका बसू लागल्या, तेव्हा कॅम्बरची नळी (मागच्या दोन्ही चाकांचे एक्सल धरणारी आडवी नळी) बाजूच्या नळीला मिळते तिथे केसासारख्या रेषा उमटल्या.

चाळीसच्या चाळीस परत घेतल्या. न तुटलेल्या एकतीससुद्धा. त्या वर्षी कारखाना बंद पडायचाच राहिला होता. आमचे पहिले भागीदार सायकलच्या फ्रेम जोडण्यात आयुष्य घालवलेले, त्यांनी एकच सांगितले, "कागद वाचू नका, चिमटा लावा." तेव्हापासून प्रत्येक खेपेबरोबर त्याच नळीचा एक जोडलेला तुकडा भट्टीत जातो. परत आला की चिरायचा आणि वेल्डशेजारी वेबस्टरच्या चिमट्याने, म्हणजे कठीणपणा मोजायच्या हातातल्या उपकरणाने, कठीणपणा पाहायचा. टी-6 ला तो ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात 95 च्या जवळपास यायला हवा. 65 च्या आसपास भरला, तर पिकवणे राहिले आहे. त्याहूनही मऊ लागला, तर पाणीच दिलेले नाही. आणि ज्या फ्रेमला अशी भट्टी द्यायची, तिला 5356 ची फिलर सळई (वेल्डमध्ये वितळवून भरायची सळई) लावू नये, ती या उष्णोपचाराला दाद देत नाही. पुढे आम्ही 7005 या दुसऱ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूवर गेलो. तिला जोडल्यावर पाण्यात बुडवावे लागत नाही, नुसते पिकवणे पुरते. त्यानंतरची बरीच वर्षे खुर्च्या बनल्या आणि गेल्या, सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती त्या चाळीसांतली एक गिऱ्हाईक, 1.5 गुणांची खेळाडू (या खेळात शारीरिक क्षमतेनुसार खेळाडूला गुण मिळतात; गुण कमी, तर शरीरावर ताबा कमी). ताईंचे पैसे परत करायला गेलो तर घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसे राहू द्या, खुर्ची नीट करून द्या." धडावर ताबा कमी असल्याने त्यांना बैठक मागे खोल आणि गुडघे वर हवेत, कमरेला आणि मांड्यांना पट्टे. 1.0 ते 3.0 गुणांच्या खेळाडूंना बैठकीची उंची गादीसकट 63 सेंमीपर्यंत चालते, 3.5 पासून वर 58. पण चालते म्हणून 63 घेऊ नका. हात पुशरिमच्या (चाकाला हाताने ढकलायच्या कडीच्या) माथ्यावर ठेवल्यावर कोपरात 100 ते 120 अंशांचा कोन पडला पाहिजे, उंची त्यावरून ठरते.

याच ताईंनी एकदा पुढची कॅस्टर, म्हणजे लहान फिरती चाके, मोठी बसवून घेतली आणि आठवड्यात तक्रार आली, खुर्ची ओढल्यासारखी चालते. बेअरिंग ठीक, हवा ठीक. बिघडली होती चाकांची दिशा. कॅम्बर, म्हणजे मागच्या चाकांचा वरून आत झुकाव, 18 अंश असेल, तर दोन्ही एक्सल बाहेरच्या टोकाला वर चढलेले असतात. कॅस्टर आणि एक्सल यांत 40 सेंमी अंतर असताना पुढची बाजू 2 सेंमी उचलली, की फ्रेम जवळजवळ 3 अंश मागे कलते. एक्सलची टोके मागे वळतात आणि प्रत्येक चाक पुढून सुमारे 1 अंश बाहेर फाकते. 60 सेंमीच्या रिमवर पुढचे आणि मागचे अंतर 2 सेंमीने चुकते. मग चाक लोळत नाही, घासत जाते. टायर एका कडेने झिजतो आणि खांद्याला त्याची किंमत मोजावी लागते.

तपासायला टेप पुरतो. खेळाडूला बसवूनच, हबच्या उंचीवर, दोन रिममधले अंतर आधी पुढे घ्या, मग मागे. 3 मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. जास्त असेल, तर क्लॅम्प सैल करून कॅम्बरची नळी फिरवा, तिच्या सपाट पृष्ठावर पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधोमध आला की आवळा. हे दर स्पर्धेआधी करा. कॅस्टर, फोर्क, गादी, काहीही बदलले तरी करा. आणि पहिलीच खुर्ची घेत असाल, तर बैठकीला आणि एक्सलला सरकवायची सोय असलेली घ्या; वजन वाढते, बोल्ट सैल होतात, तरी तीच घ्या. पूर्ण वेल्डची दुसऱ्या वेळी. पहिल्या मापात चूक होतेच, आमच्याकडूनही होते.

"त्यांच्या फ्रेम तुटतात" हे ज्यांनी पसरवले, त्यांनी आमचीच एक खुर्ची विकत घेऊन नक्कल उतरवली. लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे आणि घाऊक पुरवठा. प्रशिक्षकांना सांगायचे, आमची जोडणी कच्ची. सगळे उचलले: बंपर जमिनीपासून 11 सेंमीवर, मागची उलटू न देणारी चाके, सगळे. कॅम्बरच्या नळीचा क्लॅम्प तेवढा वगळला आणि नळी सरळ वेल्ड करून टाकली, कारण क्लॅम्पचे काम त्यांना कळलेच नव्हते.

आता त्यांच्या खुर्च्या "ओढल्यासारखी चालते" म्हणून आमच्याकडे येतात. गेल्या खेपेच्या खुर्चीत फरक 19 मिमी निघाला. नळी फिरवता येत नाही, म्हणून कॅस्टरच्या दांड्यावरच्या चकत्या काढून पुढची बाजू खाली घेतली. 4 मिमीवर आला. त्याच्या खाली त्या फ्रेममध्ये जात नाही.