हाफ-प्लेटवर दोन लेन्स: घरचं काम आणि उद्यमनगरचं काम

मागच्या नोंदीत कॅमेऱ्याचा बेलोज, म्हणजे घडीचा भाता, बदलून झाला होता. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून सगळे कोपरे तपासले, उजेड कुठूनच झिरपत नव्हता. आता लेन्स. कॅमेरा तोच, सागवानी हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच निगेटिव्हचा. सगळे विचारतात म्हणून सांगतो, हा केरळातल्या अलप्पुळ्याचा वागीश्वरी कॅमेरा नव्हे. माझ्या कॅमेऱ्यावर कुणाचंच नाव नाही.

हाताशी दोन लेन्स आहेत. एक श्नायडरची सिमार-एस 210 एमएम एफ/5.6, कोपल 1 शटरमध्ये (कोपल ही शटरची कंपनी, आकडा मापाचा) बसलेली. दुसरी पितळी रॅपिड रेक्टिलिनियर. हिच्यात शटर नाही, फोकल लेंग्थ कुठे कोरलेली नाही आणि बोर्डावर, म्हणजे लेन्सच्या फळीवर, बसवायची फ्लँजही हरवलेली. पण जीव हिच्यावरच. डालमायरनं ही रचना 1866 साली आणली. पुढंमागं भिंगांचे एकसारखे दोन गट आणि मधोमध डायफ्राम, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणारा पडदा, एवढंच.

सिमार

हिचं घरीच उरकलं. कोपलची भोकं ठरलेली असतात: 0 नंबरला साधारण 34.7 एमएम, 1 ला 41.7, 3 ला 65. जुना बोर्ड सहा एमएम जाडीचा. एवढ्या जाडीत मागच्या लॉक रिंगला आटे सापडतच नाहीत. म्हणून लाकडाला रिंग आणि मागचा सेल (लेन्सच्या मागच्या भिंगांची डबी) आरामात जाईल एवढं मोठं भोक पाडलं आणि पुढून दोन एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूनं बसवला.

पत्र्याला 41 चा होल सॉ लावला. नुसता पत्रा धरला तर होल सॉ थरथरतो आणि भोक अंड्यासारखं होतं. दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये पत्रा दाबून धरा, रॉकेलचे चार थेंब टाका आणि ड्रिल सावकाश चालवा. उरलेलं अर्धगोल कानशीनं, दर चार घासांनी शटर लावून बघत. शटरच्या पाठीला एक बारीक स्क्रू बाहेर आलेला असतो, शटर जागेवर फिरू नये म्हणून. त्याच्यासाठी बोर्डाला खाच हवी, नाहीतर तो काढून टाकायचा. मी घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरनं काढला आणि डबीत ठेवला.

मागचा सेल उघडताना मात्र घाम फुटला. सेल हातात आला, टेबलावर ठेवला, शटर बसवून रिंग आवळली. सेल परत लावायला घेतला तर खालच्या फडक्याला कागदासारखी पातळ पितळी चकती चिकटलेली! दोन सेलमधलं अंतर कारखान्यात ठरतं आणि ते जुळवायला कधीकधी अशी चकती घालतात. ती गेली तर लेन्स बसते, चित्रही दिसतं, फक्त कडांची धार जाते आणि आपण वर्षभर बोर्डाला नाहीतर ग्राउंड ग्लासला (चित्र जिच्यावर दिसतं त्या मागच्या दुधी काचेला) दोष देत बसतो. सेल उघडायचा तर खाली पांढरा कागद पसरून, हा धडा फडक्याच्या मेहरबानीनं मिळाला.

पितळी लेन्स, पहिला प्रयत्न

फ्लँज म्हणजे आतून आटे पाडलेली पितळी कडी. ती बोर्डावर तीन स्क्रूंनी बसते आणि लेन्स तिच्यात फिरवून बसवायची. आटे पाडणं हे माझं काम नाही, त्यामुळे टर्नरकडे. एका ठिकाणी लेन्स दिली. त्यांनी व्हर्निअर लावला, दोन दिवसांनी चकाचक कडी हातात ठेवली. लेन्स दीड फेरा गेली आणि अडकली. "जरा जोर लावा की," असा सल्ला मिळाला. दीडशे वर्षांचं पितळ आणि जोर! पैसे देऊन निघालो.

दुसरा प्रयत्न

कोल्हापुरात टर्नरांची वानवा नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवलेलं हे गाव. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी लेन्स उजेडात धरली, आट्यांवर नख ओढलं आणि खिशातून आटे मोजायचा पिच गेज काढला.

"ह्ये इंची आटं हाईत. इंचाला चोवीस. एमएमचं लावल्यावर अडकणारच की."

चूक किती बारीक होती बघा. चोवीस आटे म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.058 एमएम, आधीच्या कडीचा बरोबर 1. फेऱ्याला फरक केसाच्या जाडीएवढा, पण तो साठत जातो आणि दुसऱ्या फेऱ्यात आटे एकमेकांवर चढतात. व्यास दोन्हीकडे बरोबरच होता, पावणेदोन इंच. मिस्त्रींच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणारा स्क्रू, इंचाला चार आट्यांचा. त्यांनी वीस आणि एकशेवीस दात्यांची चाकं चढवली आणि तासाभरात कडी तयार. दर दोन कटांनंतर लेन्स मागून घ्यायचे, हलक्या हातानं लावून बघायचे. शेवटी लेन्स दोन बोटांनी फिरवत पार तळाशी गेली. साडेसहाशे रुपये झाले.

मोठा व्यावसायिक पर्यायही आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला एस. के. ग्राइम्स नावाचे कारागीर अशा जुन्या लेन्स कोपल 3 च्या पुढे बसवून देतात, ॲपर्चरची नवी पट्टीही कोरून देतात. पण शटर, घडाई, टपाल आणि कस्टम धरता त्या पैशात दुसरा कॅमेरा येईल. मी लेन्सच्या झाकणालाच शटर म्हणतो.

काळा कागद

निगेटिव्ह म्हणून फोटोपेपर वापरतो. एका आठ-बाय-दहात दोन तुकडे निघतात, स्पीड साधारण आयएसओ 6. सावलीत एफ/16 ला एक सेकंद. लेन्सच्या कड्यावर आकडे 4, 8, 16, 32, 64. मी 64 वर नेलं; एफ-आकडा दुप्पट झाला की वेळ चौपट, त्या हिशोबानं सोळा सेकंद झाकण काढलं. डेव्हलपरमध्ये कागद डांबरासारखा काळा.

संशय अर्थातच नव्या कडीवर. टॉर्च घेऊन अख्खी संध्याकाळ बोर्डाभोवती शोधलं, काही नाही. कागद जुना म्हणावा तर न वापरलेला तुकडा डेव्हलपरमध्ये पांढराच राहिला.

मग लेन्सच मोजायला घेतली. गच्चीवरून जोतिबाच्या डोंगरावर फोकस केलं, कॅमेऱ्याच्या बेडवर, म्हणजे तळाच्या फळीवर, पेन्सिलीची खूण केली. नंतर ग्राउंड ग्लासवर फूटपट्टीचं चित्र खऱ्या पट्टीएवढंच येईपर्यंत लेन्स पुढं नेली. दोन खुणांमधलं अंतर हीच फोकल लेंग्थ: 216 एमएम, म्हणजे साडेआठ इंच. मग लेन्स डोंगराच्या खुणेवर परत आणून ग्राउंड ग्लासच्या जागी बारीक भोकाचं कार्ड लावलं, त्यामागे दिवा आणि लेन्सच्या तोंडाशी ट्रेसिंग पेपर. कागदावर पडणाऱ्या गोलाचा व्यास मोजायचा. 4 वर गोल आला 27 एमएम. 216 भागिले 27 म्हणजे आठ! 16 वर साडेतेरा, म्हणजे एफ/16. आणि 64 वर पावणेसात, म्हणजे एफ/32.

हे एफ-आकडेच नव्हते. 1881 सालची ब्रिटिश युनिफॉर्म सिस्टिम होती ती. आकडा दुप्पट झाला की एक्स्पोजर दुप्पट, एवढा सरळ हिशोब. जुन्या कोडॅकच्या फोल्डिंग कॅमेऱ्यांवरही हेच आकडे सापडतात. दोन्ही पद्धती फक्त सोळावर जुळतात, म्हणून तिथं फसायला होत नाही आणि बाकी सगळीकडे होतं. चार सेकंदांच्या जागी मी सोळा दिले होते.

कडीच्या आतल्या भिंतीला काळा मॅट रंग दिला आणि कॅमेरा घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींना दुकानाच्या दारात, सावलीत उभं केलं. 64 वर चार सेकंद. हात जरासा हलला, चेहरा मात्र मिशीच्या केसापर्यंत आला. निगेटिव्ह दाखवली तर म्हणाले, "मला भूत केलंय का काय?" काँटॅक्ट प्रिंट आता त्यांच्या लेथच्या वर, व्ही-बेल्टांच्या खिळ्याला अडकवलीय.