ठिपका बघायचा सोडला: कॅरी ऑप्टिक्समधले माझे एप्रिल ते ऑक्टोबर

मंडळी, यंदा एप्रिलमध्ये सीझन चालू होतानाच ठरवलं होतं की प्रत्येक मॅचनंतर घरी येऊन आधी वहीत लिहायचं आणि मगच जेवायचं, आणि सात महिने ते खरंच पाळलं गेलं. इथे त्यातलं कामाचं तेवढं टाकतोय. मी ओहायोत राहतो, कोलंबसपासून तासाभरावर रेंज आहे, महिन्यात दोन यूएसपीएसए मॅच होतात (यूएसपीएसए म्हणजे इथली प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना, पळत पळत वेळेवर पिस्तूल मारायचा खेळ). डिव्हिजन कॅरी ऑप्टिक्स, म्हणजे रेड डॉट लावलेल्या पिस्तुलांचा गट, पिस्तूल सीझी शॅडो २, वर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट. ग्रीन कार्ड आल्यावर हा खेळ सुरू केला, कारण एच-१बी वर असताना हंटिंग लायसन्ससारखा एखादा अपवाद सोडला तर इथे बंदूक बाळगताच येत नाही, नव्याने येणाऱ्यांनी हे आधी नीट समजून घ्या.

पुण्याहून मित्र नेहमी विचारतात की आपल्याकडे हे का नाही. एक मोठं कारण म्हणजे ९ एमएम भारतात प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतं, साध्या नागरिकाला लायसन्सवर मिळत नाही, आणि हा खेळ आज बहुतांशी ९ एमएमवर उभा आहे. बालेवाडीच्या रेंजवर जे चालतं ते एका जागी थांबून, आणि त्यातली शिस्त काय असते ते आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ मारून ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलंच. आमच्याकडे पळत पळत मारायचं असतं आणि घड्याळ चालू असतं, त्यामुळे डोळ्याचं काम पूर्ण वेगळं. यंदाचं सगळं शिक्षण याच एका मुद्द्याभोवती फिरलंय.

सुरुवात माझ्या एनसीसीपासून करावी लागेल. साताऱ्याला कॉलेजात असताना पॉईंट टू टू रायफल मिळायची, पोटावर झोपून २५ मीटर, आणि उस्ताद डोक्यात एकच घालायचे, फोरसाईटची टिप बघ, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. ते इतकं हाडात भिनलं की वीस वर्षांनी पिस्तुलावर रेड डॉट लावला तरी माझा डोळा आपोआप त्या लाल ठिपक्यावर जाऊन बसायचा. ठिपका स्थिर झाला की मारायचं, हलत असला की थांबायचं. लोखंडी साईटला ते बरोबरच आहे, पण डॉटला उलटं करायचं असतं, दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर, आणि ठिपका त्या नजरेत मधे येऊन पडतो. हे कानांनी शंभर वेळा ऐकलं होतं, कळलं मात्र मे महिन्यात.

आमच्या स्क्वॉडमध्ये सांगलीचे एक काका आहेत, साठीला आलेत, ए क्लास (वर्गवारीत बी आणि सी च्या वर), बोलतात कमी. मेच्या मॅचला दुसऱ्या स्टेजवर (मॅचचा एक टप्पा) मी १५ यार्डांवरच्या तीन टार्गेटांवर रेंगाळलो, ते पेस्टर, म्हणजे टार्गेटवरची भोकं बुजवायचे चिकट कागद, चिकटवता चिकटवता माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अरे, त्या ठिपक्याला काय बघत बसायलायस? भोक कुठं पाडायचंय तिथं बघ की." मी म्हटलं, "काका, तिकडं बघितलं तर ठिपका हलताना दिसतोय." तर म्हणाले, "हलू दे की. ए झोनच्या आत हलतोय का बाहेर, एवढंच बघायचं." (ए झोन म्हणजे टार्गेटचा सगळ्यात जास्त पॉईंटचा मधला भाग.) मग टार्गेटवर नुकतंच लावलेलं ब्राऊन पेस्टर बोटाने दाबत म्हणाले, "ह्याची कड दिसायला पाहिजे तुला, मारताना."

त्या पेस्टरची कड. ती गोष्ट मी घरी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी डॉटच्या पुढच्या काचेवर मास्किंग टेपचा तुकडा लावला. समोरून काच बंद, पण मागून ठिपका दिसतो, म्हणजे एक डोळा ठिपका बघतो आणि दुसरा टार्गेट, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. ठिपक्याकडे टक लावलीत की टार्गेट गायब होतं आणि समोर नुसती टेप दिसते, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. बेसमेंटमध्ये एक तृतीयांश आकाराची टार्गेटं भिंतीवर लावलीत, ड्राय फायरच्या, म्हणजे गोळीविना सरावाच्या, वेळी त्या खोलीत एकही जिवंत राऊंड नाही, दारूगोळा वरच्या मजल्यावर कुलपात, हा घरातला नियम. रोज वीस मिनिटं, टायमरवर पार टाईम (ठरलेल्या सेकंदांनी वाजणारी दुसरी बीप) लावून. पहिले चार दिवस डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा ड्रॉ केल्यावर भिंतीवरच्या कागदाचा कोपरा स्वच्छ दिसला आणि ठिपका त्याच्यावर नुसता पडलेला होता, ते जाणवलं आणि मी दोन मिनिटं तसाच हात खाली करून उभा राहिलो.

नवीन कोणी वाचत असेल तर हिट फॅक्टरचं गणित थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पॉईंट भागिले सेकंद. ए झोनला ५, आमच्या डिव्हिजनला मायनर स्कोअरिंग म्हणून सी ला ३ आणि डी ला फक्त १. मिस म्हणजे माईक, त्याचे उणे १०, शिवाय मिळाले असते ते पॉईंट गेले ते वेगळेच. समजा ३२ राऊंडची स्टेज आहे आणि तुम्ही २० सेकंदात १५० पॉईंट केले, हिट फॅक्टर ७.५. त्यात एका ए च्या जागी माईक आला तर १३५ भागिले २०, म्हणजे ६.७५. तोच ६.७५ तुम्हाला १५० पॉईंटवर मिळवायला २२.२ सेकंद लागले असते, म्हणजे एका माईकची किंमत सव्वादोन सेकंद. आणि ज्या क्षणी गोळी सुटली त्या क्षणी ठिपका कुठे होता हे तुम्हाला माहीत असेल, ज्याला शॉट कॉल करणं म्हणतात, तर तिथल्या तिथे जादा गोळी मारायला पाव सेकंद पुरतो. सव्वादोन सेकंद का पाव सेकंद, एवढाच प्रश्न आहे. ठिपक्याकडे टक लावून बसलं की तो कुठून उचलला गेला हे कळत नाही, टार्गेटकडे नजर असली की सुटताना लाल रेघ कुठून वर गेली ते दिसतं. मला हे जूनच्या शेवटाला दिसायला लागलं, प्रत्येक वेळी नाही, तीनातून दोन वेळा म्हणा.

जुलै वाईट गेला आणि दोष डोळ्याचा नव्हता. पहिल्या स्टेजला दोन माईक, दोन्ही मी ए म्हणून कॉल केलेले. दुसऱ्या स्टेजला मिनी पॉपरवर (गोळी लागली की पडणारं छोटं लोखंडी टार्गेट) पाच गोळ्या. मला वाटायला लागलं की सगळी मेहनत वाया गेली, मन फार खट्टू झालं. मॅच संपल्यावर बेंच रेस्टवरून २५ यार्डांवर कागदावर मारून बघितलं तर ग्रुप तळहाताएवढा, तोही खाली उजवीकडे सरकलेला. डॉट हाताने हलवला तर हलला. डॉट ज्या प्लेटवर बसतो तिचा एक स्क्रू सैल झाला होता. आता काय करतो ते सांगतो: स्क्रू आणि भोक दोन्ही अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवायचे, निळं थ्रेडलॉकर अगदी थेंबभर, टॉर्क ड्रायव्हरनेच घट्ट करायचे, अंदाजाने नाही, रात्रभर ठेवायचं, आणि स्क्रूच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या पेंट पेनने एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. मॅचच्या सकाळी सेफ एरियात, म्हणजे पिस्तूल हाताळायच्या ठरलेल्या जागी, बॅग उघडली की पहिली नजर त्या रेघेवर जाते. (आणि सेफ एरियात राऊंडला हात लावायचा नाही, डमी सुद्धा नाही, थेट डीक्यू, म्हणजे मॅचमधून बाद.)

ऑगस्टला पाऊस. टार्गेटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेस्टर ओल्याला चिकटत नाहीत, खडी आणि चिखल सगळीकडे. माझं मॅगझीन २३ राऊंडांचं, चेंबरमध्ये आधीच एक, वेगळ्या मॅगझीनमधून (त्याला बार्नी मॅग म्हणतात) भरलेला, म्हणजे २४, ३२ च्या स्टेजला एक रीलोड, म्हणजे मॅगझीन बदल, करावाच लागतो, आणि रीलोड केला की पहिलं मॅगझीन चिखलात पडतं. ते उचलून नुसतं पँटला पुसून परत पाऊचमध्ये ठेवलं आणि पुढच्या स्टेजला चौथ्या राऊंडला फॉलोअर (मॅगझीनमध्ये राऊंड वर ढकलणारा तुकडा) अडकला. मॅगझीनला थाप मारली, स्लाईड ओढली, काही नाही, मॅगझीन काढून फेकलं, दुसरं घातलं, सात सेकंद गेले. तेव्हापासून बॅगमध्ये मॅगझीन ब्रश आणि जुनं सुती फडकं, प्रत्येक स्टेजनंतर पडलेल्या मॅगझीनचं बूड उघडायचं, स्प्रिंग बाहेर, नळीतून ब्रश, परत बंद. दीड मिनिटाचं काम आहे. मॅगझीनांवर १ ते ६ आकडे घातलेत, ज्याने त्रास दिला ते प्रॅक्टिसलाच वापरायचं. आणि एक, मॅगझीनच्या बुडाचा बेसपॅड बदलला की गेजमध्ये घालून बघा, लांबी १४१.२५ मिलीमीटरच्या वर गेली तर डिव्हिजनच बदलते.

त्याच मॅचला एका तरुण मुलाचा १८० तुटून, म्हणजे पिस्तुलाचं तोंड १८० अंशांच्या रेषेमागे जाऊन, डीक्यू झाला, खूप वाईट वाटलं. उजव्या हाताने मारणारा माणूस डावीकडे पळत रीलोड करतो तेव्हा पिस्तुलाचं तोंड आपोआप मागे जायला बघतं. तेव्हापासून मी ड्राय फायरमध्ये डावीकडे जाताना आधी मॅगझीन बदलून घेतो आणि मग पाय सोडतो, अर्धा सेकंद जातो, जाऊ दे.

सप्टेंबरला क्लासिफायर, म्हणजे क्लास ठरवणारी प्रमाणित स्टेज, होता, एल प्रेसिडेंटे. १० यार्डांवर तीन टार्गेटं, पाठ करून हात वर, बीप झाला की वळायचं, प्रत्येकाला दोन, रीलोड, परत प्रत्येकाला दोन. मागच्या वर्षी हाच मी ११ ए आणि १ सी, ५८ पॉईंट, पण ९.६ सेकंद, म्हणजे ६.०४. यंदा १० ए, २ सी, ५६ पॉईंट, ७.२ सेकंद, ७.७८. ड्रॉ फार सुधारलेला नाही, रीलोड थोडा. सगळा वेळ एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाण्यात वाचला, कारण आधी डोळा पुढच्या टार्गेटवर जातो आणि ठिपका त्याच्या मागून येतो, पूर्वी मी ठिपका ढकलत ढकलत नेत होतो. या क्लासिफायरनंतर मी सी मधून बी मध्ये आलो. काकांनी हात मिळवला आणि स्वतःच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला.

ऑक्टोबरमध्ये पहिली लेव्हल २ मॅच (क्लबच्या मॅचपेक्षा वरच्या पातळीची), शेजारच्या राज्यात, पहाटे साडेतीनला निघालो, रेंजवर गाडीच्या काचेवर दव गोठलेलं. तिथे क्रोनो, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, असतो. तुमचे राऊंड घेतात, बुलेटचं वजन करतात, वेग मोजतात, ग्रेनमधलं वजन गुणिले फूट पर सेकंद भागिले हजार, हा पॉवर फॅक्टर, तो किमान १२५ यायलाच पाहिजे, नाहीतर मॅचचा स्कोअर शून्य. मी राऊंड घरीच भरतो, १४७ ग्रेनची बुलेट. जूनमध्ये माझा लोड (पावडर आणि बुलेटचं प्रमाण) ८६८ च्या वेगाला होता, पॉवर फॅक्टर १२७.६, रिकॉइल इतका मऊ की बदलायची इच्छाच होत नव्हती. पण काका म्हणाले थंडीत वेग पडतो, आणि दुसऱ्याचा क्रोनो तुमच्यापेक्षा वेगळं दाखवतो, दोन्हीची जागा ठेव. म्हणून ऑगस्टमध्ये पावडर थोडी वाढवून ९०५ केला, १३३. आणि त्या गारठ्यात मॅचच्या क्रोनोवर किती आला? ८७८. म्हणजे १२९. सत्तावीस फूट पडले. जूनचा लोड घेऊन गेलो असतो तर हिशोबाने ८४१, १२३.६, आणि पेट्रोल, हॉटेल, एंट्री फी, सात महिन्यांचा सराव, सगळं त्या टेबलावर संपलं असतं. तुमचा लोड १३० च्या आत असेल आणि मॅच थंडीत असेल तर परत मोजा.

त्या मॅचच्या शेवटच्या स्टेजचं एक सांगायचंच. पिस्तूल भरायची आज्ञा, मेक रेडी, म्हटल्यावर शॅडो २ चा हॅमर अंगठ्याने हळूच खाली न्यावा लागतो, खाली जिवंत राऊंड, हातातून सुटून गोळी उडाली तर डीक्यू, त्यामुळे थंडीने बधिर झालेली बोटं आधी काखेत धरून गरम केली. पहिला शॉट डबल अॅक्शनचा (डीए) लांब ट्रिगर. स्टँडबाय, बीप. २५ यार्डांवरचं अर्धं झाकलेलं टार्गेट, पुढे नो-शूट, म्हणजे ज्यावर मारायचं नाही असं टार्गेट, आणि तिथे मला कागदावरचं एक ब्राऊन पेस्टर दिसलं, त्याची कड सुद्धा, आणि मी दाबलं. ए. दुसरी सी, रेघ डावीकडून गेलेली दिसली होती. चालेल म्हणून पुढे निघालो. टॅब्लेट घेऊन आरओ (रेंज ऑफिसर) वाचत गेले, "अल्फा, चार्ली", म्हणजे ए आणि सी, तेव्हा मला आधीच माहीत होतं.

आता नोव्हेंबर ते मार्च इनडोअर. एकट्या डाव्या हाताने मारणं माझं फार कच्चं आहे, सहा शॉटमध्ये दोन डी येतात, त्यावर बसायचंय. आणि डीएचा पहिला शॉट हलका करायला हॅमर स्प्रिंग बदलायचा विचार आहे, पण हलकी स्प्रिंग घातली की कडक प्रायमर (राऊंडच्या बुडातली पेटवणारी टोपी) फुटत नाहीत, फेडरल कंपनीचे मऊ असतात पण माझ्या इथल्या दुकानात कायम मिळत नाहीत. शॅडोवाल्यांनी कुठली स्प्रिंग, कुठला प्रायमर, आणि हजार राऊंडांत किती लाईट स्ट्राईक (हॅमर पडूनही गोळी न उडणं) आले, एवढं सांगा, वहीत उतरवून घेतो.