बाम्बेर्गची धुरकट दुपार

गुरुवार, बाम्बेर्ग

आज दुपारी साडेबाराला बिअर प्यायले, तीही भाचीबरोबर. हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणता येणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

भाची जर्मनीत एर्लांगेनला नोकरी करते. मी आल्यापासून तिचं एकच टुमणं, "मावशी, म्युनिकला नको, बाम्बेर्गला जाऊ." सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्टचा, तंबूतला तो सगळा गोंगाट असतो, तेव्हा मलाही पटलं. रिजनल ट्रेननं पाऊण तासाच्या आत पोचलो. स्टेशनाजवळ, रुळांच्या कडेला लाल विटांची जुनी इमारत दिसते. तो वायरमान नावाचा माल्टचा, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याचा कारखाना, १८७९ सालचा. नाव वाचून मी हसले. पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या बारमध्ये, काचेपलीकडे याच नावाच्या गोण्या रचलेल्या असतात. 'आपली लोकल बिअर' म्हणून मी जिचं कौतुक करते, तिचं धान्य या रुळांवरून येतं तर!

गाव सुंदर आहे. रेग्निट्झ नदीच्या मधोमध बांधलेली जुनी नगरपालिका, चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल, १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव वगैरे. ते सगळं फोटोत आहे. मला लिहायचंय ते श्लेंकेर्ला या धुराच्या बिअरच्या जुन्या गुत्त्याबद्दल.

कॅथेड्रलच्या टेकडीखाली डोमिनिकानर श्ट्रास नावाची अरुंद गल्ली आहे. तिथं लाकडी चौकटीचं एक घर, त्याची सर्वांत जुनी नोंद १४०५ ची. आत काळ्या पडलेल्या तुळया, लांब बाकं, गाण्याचा आवाज कुठंच नाही. लाकडी पिंपाला तोटी ठोकलेली, तिच्याखाली ग्लास धरायचा की झालं. यंत्रानं गॅस भरायचा नाही. बिअर काळपट तांबूस, ५.१ टक्के, ग्लास अर्ध्या लिटरचा. इथं त्याला झाइडला म्हणतात.

ग्लास तोंडाजवळ नेला आणि थेट निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा वास आला. साल काळी पडून फुटते ना, त्या क्षणाचा. मी ग्लास खाली ठेवला. भाची म्हणाली, "थांबू नकोस. इथले लोक सांगतात, तिसऱ्या ग्लासाला आवडायला लागते." तिसऱ्यापर्यंत जायची माझी तयारी नव्हती, पण दुसऱ्याच्या मध्यापर्यंत गेले आणि बोलणं खरं निघालं. नाकाला धुराची सवय होते, मग तो मागं सरतो आणि खालचा धान्याचा गोडवा जिभेला कळायला लागतो. बिअर तीच असते, तिच्यापुढे आपण जरा बदललेलो असतो.

धूर येतो तो असा. बार्लीला मोड आणायचे आणि पुढे वाढू न देता ती वाळवायची, हे सगळीकडे सारखंच. इथं वाळवताना खाली बीचची लाकडं पेटवतात आणि धूर सरळ दाण्यांतून जाऊ देतात. पूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या जाळावरच दाणे वाळवत, त्यामुळे बिअरला कमीजास्त धूर लागायचाच. पुढे दगडी कोळशापासून केलेला कोक आला, मग नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि धूर हा दोष ठरला. बाकीच्यांनी तो टाकून दिला. बाम्बेर्गमधल्या दोन ब्रुअऱ्यांनी मात्र सोडला नाही. श्लेंकेर्ला आणि नदीपलीकडची श्पेट्सियाल अजून आपापलं धुराचं माल्ट स्वतःच बनवतात.

आमच्या बाकावर एक आजी येऊन बसल्या. पंचाहत्तरीच्या तरी असतील. बसताना टेबलावर दोनदा टकटक केलं. भाची म्हणाली, हा सगळ्यांना मिळून नमस्कार. आजींनी वर्तमानपत्र उघडलं, समोर न विचारता झाइडला आला आणि बशीत एक मोठा कांदा, पोटात खिमा भरलेला, वर याच बिअरचा रस्सा. तास-दीड तास त्या एकट्या बसल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मीच पाहत होते.

पुण्यात परमिट रूमच्या काळ्या काचा बघत लहानाची मोठी झाले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेला तो परमिट शब्द अजून पाट्यांवर आहे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर एकदा गेले तर वेटर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, फॅमिली वर." फॅमिली म्हणजे जिन्यावरची एसी खोली, पडदे, अंधूक दिवे आणि वाढीव बिल. खाली पुरुष शेंगदाणे आणि शेव चघळत निवांत बसलेले. प्यायला मला कुणी मनाई केली नव्हती. मी दिसू नये एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

म्हणून आमच्याकडे मायक्रोब्रुअऱ्या आल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो बिअरचा नव्हता, हे आज त्या आजींकडे बघताना कळलं. २००९ मध्ये पुण्यात डुलाली सुरू झाली, तिथला बिअर बनवणारा मुख्य कारागीर, ब्रूमास्टर, जर्मन. लोक गव्हाच्या बिअरबद्दल, अ‍ॅपल सायडरबद्दल बोलत होते. मला आठवतोय तो उजेड. मोठ्या खिडक्या, उघडी टेबलं, बायकाबायकांचे घोळके, आणि कुणीही 'वर' पाठवत नव्हतं. अर्थात त्या उजेडाची किंमत एका ग्लासामागे जी होती, ती आमच्या कामवाल्या ताईंच्या दिवसभराच्या कमाईच्या आसपास जायची. इथल्या आजींसाठी हा रोजचा कोपरा आहे, माझ्यासाठी शनिवारची चैन होती. हा फरक विसरून मी पुण्याच्या क्राफ्ट बिअरचे गोडवे गाणार नाही.

शुक्रवार, बाम्बेर्ग

सकाळी पाऊस. दुपारी ओबेरे क्योनिगश्ट्रास. रस्त्याच्या एका बाजूला श्पेट्सियाल, १५३६ पासूनची, समोर फेसला, १६४९ पासूनची. दोन्हीकडे वर राहायच्या खोल्या आहेत. श्पेट्सियालचा धूर सौम्य आहे. पाहुण्याला आधी इथं आणायला हवं होतं, असं भाचीला म्हटलं तर ती म्हणाली, "मग तू म्हणाली असतीस, यात काय विशेष?" बरोबर बोलली. फेसलात धूर अजिबात नाही, आणि तिथली साधी फिकी लागर, म्हणजे गारव्यात मुरवलेली बिअर, धुराच्या बिअरनंतर कशी लागते ते सांगता येत नाही. पाणी पुन्हा शोधून काढल्यासारखं वाटतं.

चारच्या सुमारास ऊन आलं आणि आम्ही श्टेफान्सबेर्गच्या चढावर श्पेट्सियालच्या केलरला गेलो. केलर म्हणजे तळघर, पण बसतात त्याच्या डोक्यावर. त्याचं कारण मला फार आवडलं. लागरला मुरायला महिनोन् महिने गारवा लागतो. १५५३ मध्ये बव्हेरियात नियमच झाला की एप्रिलअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत बिअर बनवायची नाही, उन्हाळ्यात ती बिघडते. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून टेकड्यांत खोदलेल्या तळघरांत ठेवायची. तळघराचं छत तापू नये म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. त्यांची पानं रुंद आणि मुळं उथळ, म्हणून खालचं छत फुटत नाही. आता पिंपं खाली, सावली वर, उन्हाळ्याचे दिवस. लोक तिथंच बसून प्यायला लागले यात नवल काय! १८७० च्या दशकात लिंडे या जर्मन इंजिनिअरचं गारवा करणारं यंत्र आलं आणि तळघरांची गरजच संपली. झाडं आणि बाकं राहिली.

सप्टेंबरअखेर चेस्टनटची फळं पडतात. टेबलावर ठाणकन आवाज होतो, सगळे दचकतात आणि मग हसतात. एक माझ्या ग्लासापासून वीतभर अंतरावर पडलं. समोर कॅथेड्रलचे चारही मनोरे. शेजारच्या टेबलावर आजोबा, मुलगा, सून, दोन लहान मुलं, आणि घरून आणलेला डबा! ब्रेड, मुळा, चीज, सगळं फडक्यात बांधून. अशा बागांतून खाणं घरचं आणायची जुनी मुभा आहे, बिअर तेवढी त्यांची घ्यायची. मला एकदम सारसबागेत डबे उघडून बसलेली कुटुंबं दिसली. फक्त इथं आजोबांच्या हातात अर्धा लिटर आणि नातवाच्या हातात सफरचंदाचा रस, आणि त्यात कुणाला काहीच वावगं वाटत नाही.

इथं बिअर सोळाव्या वर्षापासून चालते. आमच्याकडे बिअरला २१, कडक दारूला २५. भाचीला विचारलं, इथली पोरं जास्त पितात का गं? ती म्हणाली, "पितात की. रविवारी सकाळी स्टेशनवर ये, दाखवते." बरं झालं बोलली. मी उगाच या देशाला संत करून टाकत होते.

रविवार, एर्लांगेन

काल आउफझेसला गेलो. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या आतली, आणि ब्रुअऱ्या चार. माणशी ब्रुअऱ्यांत गिनेस बुकात नोंद झालेलं हे गाव. चारही ब्रुअऱ्यांना जोडणारी पायवाट आहे, सुमारे १४ किलोमीटर, शेतांतून आणि जंगलातून. भाचीला गाडी चालवायची होती, म्हणून ती दिवसभर आपफेलशोर्लेवर, म्हणजे सोडा घातलेल्या सफरचंदाच्या रसावर. मी पहिल्या दोन ठिकाणी पूर्ण ग्लास घेतला, पुढच्या दोन्हीकडे श्निट. श्निट म्हणजे अर्धवट ओतलेला ग्लास. नियम म्हणून तो शेवटचा असतो. मी दोनदा मागितला तेव्हा काउंटरवरची बाई हसली, पण दिला.

काटी-ब्रोय या ब्रुअरीच्या अंगणात मोटारसायकलींची रांगच्या रांग. चामड्याची जाकिटं घातलेले दाढीवाले बाप्ये केकची बशी घेऊन बसलेले. दुपारी तीनला तो केक आणि काळी लागर. मला वाटलं विचित्र लागेल, पण जमतं.

या गावांत यादी नावाचा प्रकार नाही. एक बिअर, फार तर दोन. वेटर 'काय घेणार' विचारत नाही, किती ते विचारतो. मला याची सवय व्हायला वेळ लागला, कारण बर्लिनमध्ये भाचीच्या मित्रांनी ज्या क्राफ्ट बारला नेलं होतं तिथं भिंतभर नळ होते आणि फळ्यावर आंबा, कॉफी, समुद्री मीठ, काय काय. चार छोट्या ग्लासांची पाटी आली. प्रत्येकानं फोन काढला, अ‍ॅपवर बिअरला तारे दिले, पुढची पाटी मागवली. कुणी कुणाशी बोललं नाही. मीही घोट घेऊन नोंद करत होते, दुसऱ्या दिवशी एकही चव आठवेना. त्या बिअर वाईट नव्हत्या, दोन तर उत्तम होत्या. पण तिथं बसणं झालं नाही. इथं निवडायला काही नसल्यामुळे माणूस शेजारच्याकडे वळतो. आउफझेसच्या तिसऱ्या ठिकाणी एका शेतकऱ्यानं मला भारतात गायी किती दूध देतात ते विचारलं. भाची भाषांतर करत राहिली आणि अर्धा तास आम्ही जर्सी आणि गीरवर बोललो. गीरबद्दल मला जितकं माहीत होतं त्याहून मी जरा जास्तच सांगितलं.

ताईचा आत्ताच फोन येऊन गेला. "काय काय पाहिलंत?" भाचीनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, "चर्च, नदी, जुनी घरं. आणि रोज ब्रुअरीत जातोय, दोघीही." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "कडू असते ना गं ती?" मी म्हटलं, इथली फारशी नाही. पुढं तिनं बिअरबद्दल काही विचारलं नाही. थंडीचे कपडे नीट आहेत ना, एवढंच.

उद्या न्युरेंबर्ग. किल्ल्याखालच्या खडकात खोदलेल्या तळघरांचं तिकीट काढलंय. १३८० चा तिथला नियम असा की बिअर विकायची तर स्वतःचं तळघर हवं. वर आल्टश्टाटहोफ ब्रुअरीत लाल बिअर मिळते, ती आधी घ्यायची की नंतर, यावर अजून वाद चालू आहे. खाली थंडी असते म्हणून मी म्हणते आधी, भाची म्हणते जिने उतरायचेत म्हणून नंतर.