रूबेन्सचा झेवियर आणि श्रोत्यांचे हात

गोव्यात जाणाऱ्या मराठी माणसाला संत फ्रान्सिस झेवियर माहीत असतो तो जुन्या गोव्यातील बाँ जेजू बॅसिलिकात, चांदीच्या पेटीत निजलेला. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रूबेन्सने मात्र १६१७-१८च्या सुमारास आजच्या बेल्जियममधील अँटवर्पच्या जेझुइट (झेवियरच्याच ख्रिस्ती धर्मसंघाच्या) चर्चसाठी काढलेल्या वेदीचित्रात, म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायच्या चित्रात, तो उंच चौथऱ्यावर उभा राहून जमावाला उपदेश करतो आहे. पाच मीटरहून उंच असलेले हे तैलचित्र आता व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. झेवियरला संतपद मिळाले १६२२ मध्ये; तेव्हा हे चित्र म्हणजे संतपदासाठी चाललेल्या प्रयत्नांचाच एक भाग होता, असे मानायला हरकत नाही.

प्रवचन रंगवायचे तर आवाज दाखवता येत नाही, ही चित्रकाराची मूळ अडचण. रूबेन्सने ती हातांवर सोपवली आहे. साध्या काळ्या झग्यातल्या झेवियरचा एक हात आकाशाकडे आणि दुसरा लोकांवर पसरलेला आहे. खाली एक आंधळा दोन्ही हात पुढे करून चाचपडत येतो आहे, तर कफनात गुंडाळलेला मृत उठून बसू लागला आहे. संताच्या चेहऱ्यापेक्षा माझी नजर त्या आंधळ्याच्या बोटांवरच अधिक रेंगाळते, कारण शब्द पोहोचल्याची खूण तिथे आहे. (याच झेवियरच्या मृतदेहाचा उजवा हात १६१४ मध्ये कोपरापासून कापून अवशेष म्हणून रोमला नेण्यात आला होता.)

रूबेन्स आशियात कधी आला नाही. गर्दीत कोरियन धाटणीचा पोशाख केलेला एक पुरुष दिसतो खरा. पण मागचे देऊळ थेट रोमन वळणाचे आहे आणि वरून येणाऱ्या प्रकाशाने त्यातली मूर्ती फुटून कोसळते आहे. या कोपऱ्याशी माझे जमत नाही. गोव्यात देवळे पडली ती प्रकाशाने नव्हे, पोर्तुगीज सत्तेच्या हुकमाने. आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आणावे, अशी मागणी स्वतः झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून केली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा या आपल्या दैवतांना वाचवण्यासाठी ती घेऊन तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या फोंड्याकडे निघालेल्या माणसांना या गर्दीत जागा नाही, आणि अँटवर्पच्या वेदीवर ती मिळणे शक्यही नव्हते.